बेसमेंटमधली बेडरूम इन्स्पेक्शनमध्ये अडकते तेव्हा: आधी टेप, मग खिडकी, भिंत सगळ्यात शेवटी

लक्षणं

पुढच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या घराला लागू पडत असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

- इन्स्पेक्टरने दिलेल्या दुरुस्तीच्या कागदावर ‘आर ३१०’ (सुटकेच्या खिडकीचं कलम) लिहिलंय आणि पुढे ‘नेट क्लिअर ओपनिंग’ (उघडल्यावर उरणारी मोकळी जागा) किंवा ‘सिल हाइट’ (खिडकीच्या खालच्या कडेची उंची) असं काहीतरी आहे.
- खिडकीच्या लेबलवर ‘इग्रेस’ (आणीबाणीत बाहेर पडायची वाट) छापलेलं होतं, तरी इन्स्पेक्टरने टेप लावली आणि मान हलवली.
- खिडकी उघडते, पण पाऊण उघडल्यावर बाहेरच्या विंडो वेलच्या (खिडकीसमोरच्या खड्ड्याच्या) पत्र्याला अडते.
- खिडकीची कडी काढायला खुर्चीवर चढावं लागतं.
- बर्फ वितळला की वेलमध्ये पाणी साठतं आणि खिडकीच्या खालच्या कडेने आत पाझरतं.
- घर विकायला काढलं तेव्हा एजंट म्हणाला, पाच नाही, चारच बेडरूम लिहिता येतील.
- परमिटच्या नकाशात त्या खोलीला ‘ऑफिस’ म्हटलंय आणि आता तिथे आई-बाबा झोपतात.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात जास्त दिसतं. ते कुठल्याच कागदावर दिसत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, बेसमेंट फिनिशिंगची कामं करते. नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स. आपल्या मराठी घरांमध्ये बेसमेंटचा उपयोग ठरलेला असतो: एका बाजूला टीव्ही आणि सोफा, मधल्या मोकळ्या जागेत गणपतीची आरास किंवा मुलींचा नाचाचा सराव, आणि कोपऱ्यात एक खोली. भारतातून आई-बाबा येतात, पाच-सहा महिने राहतात. वर मुलांच्या खोल्या भरलेल्या असतात, म्हणून त्यांची सोय खाली होते. या कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीत तेच तेच दोष मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले आहे. बहुतेक वेळा भिंत कापायची गरज नसते. पण लोक सुरुवातच भिंत कापणाऱ्याला फोन करून करतात, नाहीतर विषय सोडून देतात.

नियम काय मागतो आणि का

अमेरिकेत बहुतेक राज्यांचे घरांचे नियम ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या नमुना संहितेवर बेतलेले आहेत. तिची पहिली आवृत्ती २००० साली आली, दर तीन वर्षांनी नवी निघते. राज्य त्यात आपले बदल करून ती लागू करतं, त्यामुळे सगळीकडे एकच आवृत्ती चालू नसते. मिशिगनची संहिताही याच मुळावर आहे. न्यू जर्सीत जुन्या घरांच्या कामासाठी १९९८ पासून वेगळी ‘रिहॅबिलिटेशन’ उपसंहिता आहे, तेव्हा तिथल्या एडिसन गावातल्या भावाने सांगितलेलं कँटनमध्ये जसंच्या तसं चालेल असं धरू नका. मी देते ते आकडे मूळ संहितेतल्या आर ३१० या कलमाचे आहेत (२०२४ च्या आवृत्तीत त्याचा क्रमांक आर ३१९ झाला). आपल्या गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला एक फोन करून ते पडताळून घ्या.

कलमाचा गाभा सोपा आहे. ज्या खोलीत माणूस झोपतो, तिथून जिन्याशिवाय थेट बाहेर पडता आलं पाहिजे. बेसमेंटमध्ये हे वरच्या मजल्यापेक्षा जास्त गरजेचं, कारण फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आणि वॉटर हीटर तिथेच, बहुतेकदा जिन्याच्या पायथ्याशी असतात. जिना वर उघडतो तो स्वयंपाकघराजवळ. आग वर लागो की खाली, धूर जिन्याचीच वाट धरतो. म्हणजे रोजच्या सवयीची एकमेव वाट सगळ्यात आधी बंद होते, आणि तीही माणूस झोपेत असताना.

दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. ही खिडकी जशी बाहेर पडायला, तशीच आत यायलाही आहे. अंगावर जाड पोशाख आणि पाठीवर हवेची टाकी घेतलेला अग्निशामक दलाचा जवान तिच्यातून आत शिरू शकला पाहिजे. पासष्टीच्या आजींना स्वतःहून चढता आलं नाही तर त्यांना उचलायला कुणीतरी आत येणार आहे. खिडकीची मापं ठरली आहेत ती या दोन शरीरांवरून.

पहिली तपासणी, फुकट: ती खोली नक्की काय आहे?

टेप काढायच्या आधी स्वतःला विचारा: इथे रात्री कोण झोपणार आहे? आधीपासून असलेलं बेसमेंट फिनिश करताना फक्त बैठक, व्यायामाची जागा, टीव्हीची खोली एवढंच करणार असाल, तर नमुना संहितेच्या २०१५ पासूनच्या आवृत्त्यांप्रमाणे नव्याने सुटकेची खिडकी काढायची सक्ती नसते. नवीन बेडरूम केली की सक्ती आलीच. दोन बेडरूम केल्या तर दोन्हींना स्वतंत्र खिडकी लागते, एकीतून दुसरीत जाऊन चालत नाही.

इथेच ‘ऑफिस’ लिहायचा मोह होतो. खर्च वाचतो, परमिट लवकर मिळतं, सगळे तसंच करतात असं कुणीतरी सांगतं. मी अशी कामं घेत नाही. कागदावर ऑफिस लिहिलं म्हणून धुराला कळत नाही की पलंगावर कोण आहे. आणि ते लपूनही राहत नाही: खोलीत कपाट आणि शेजारी बाथरूम दिसली की अनुभवी इन्स्पेक्टर समजतो, आणि घर विकताना समोरच्याचा होम इन्स्पेक्टर ते लिहून ठेवतो.

तेवढ्यातच अजून एक गोष्ट बघा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या कितीतरी घरांत बिल्डरने बेसमेंटला एक मोठी इग्रेस खिडकी आधीच दिलेली असते. मग मालक भिंती टाकताना उजेड चांगला म्हणून ती खिडकी टीव्हीच्या मोठ्या खोलीत घेतो आणि बेडरूम दुसऱ्या कोपऱ्यात, लहान खिडकीपाशी ढकलतो. भिंती अजून उभ्या राहिल्या नसतील तर नकाशा उलटा करा, बेडरूम मोठ्या खिडकीकडे न्या. भिंती झाल्या असल्या तरी लाकडी चौकट आणि ड्रायवॉल हलवणं हे काँक्रीट कापण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. उतारावरच्या घरात वॉकआऊट बेसमेंट असेल, तर अंगणात उघडणारं दारही सुटकेची वाट म्हणून धरलं जातं. बेडरूम त्या दाराला जोडून घेतली की खिडकीचा प्रश्नच संपला.

दुसरी तपासणी, एका टेपची: उघडी जागा मोजा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण दहातली सात-आठ प्रकरणं इथेच सुटतात किंवा इथेच खरा दोष कळतो.

लोक काच मोजतात. किंवा चौकट मोजतात. किंवा खिडकीच्या खोक्यावरचं माप वाचतात. यातलं एकही माप कामाचं नाही. खिडकी रोज जशी उघडतो तशी पूर्ण उघडा, आणि जी मोकळी जागा उरते, जिच्यातून हात, खांदे, कंबर जाईल, तेवढीच मोजा. झडप आडवी येत असेल तर ती वजा. क्रँकचा (खिडकी उघडायला फिरवायचा) दांडा मध्ये येत असेल तर तोही वजा. याला ‘नेट क्लिअर ओपनिंग’ म्हणतात.

अटी तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. मोकळी रुंदी किमान २० इंच. मोकळी उंची किमान २४ इंच. आणि मोकळं क्षेत्रफळ किमान ५.७ चौरस फूट. जमिनीलगतच्या किंवा जमिनीखालच्या खिडकीला क्षेत्रफळात सवलत आहे, तिथे ५ चौरस फूट चालतं. बेसमेंटच्या खिडक्या बहुतेक याच सवलतीत बसतात, पण तुमचा इन्स्पेक्टर कुठली आवृत्ती धरतो ते विचारा.

गणित करून बघा. २० गुणिले २४ म्हणजे ४८० चौरस इंच, म्हणजे जेमतेम ३.३३ चौरस फूट. रुंदी पास, उंची पास, आणि खिडकी नापास. ‘वीस बाय चोवीस चालते’ असं ऐकून खिडकी विकत घेतलेली किमान डझनभर घरं मी पाहिली आहेत. ५ चौरस फूट म्हणजे ७२० चौरस इंच; तेव्हा रुंदी २० इंच असेल तर उंची ३६ हवी, आणि उंची २४ असेल तर रुंदी ३० हवी. ५.७ लागत असेल तर २० इंच रुंदीला ४१ इंचांहून किंचित जास्त उंची, किंवा २४ इंच उंचीला सव्वाचौतीस इंच रुंदी.

आता खिडकीचा प्रकार बघा, कारण त्यानेच निम्मं ठरतं. जुन्या बेसमेंटमध्ये छताजवळ असते ती आत झुकणारी हॉपर खिडकी, साधारण ३२ बाय २० इंचांची. तिची उंचीच २४ नाही, त्यामुळे मोजत बसू नका, ती नापास आहे. सरकती खिडकी निम्मीच उघडते. ३६ इंच रुंद स्लायडरमध्ये मोकळी रुंदी अठरा इंचांच्याही आत येते. वरखाली होणाऱ्या डबल हंगचं तसंच, उंची निम्मी होते. दाराप्रमाणे बाजूला उघडणारी केसमेंट जवळजवळ पूर्ण उघडते, म्हणून तेवढ्याच भोकात केसमेंट बसते आणि पास होते, स्लायडर होत नाही. भिंतीला हात न लावता फक्त खिडकीचा प्रकार बदलून मी कितीतरी घरं मार्गी लावली आहेत.

पण केसमेंटमध्येही एक खोड असते. एका घरी मोकळी जागा १९.२५ बाय ४३ इंच भरली. क्षेत्रफळ पावणेसहा चौरस फूट, अगदी उत्तम. रुंदी पाऊण इंचाने कमी. पूर्ण उघडल्यावरही झडप चौकटीला चिकटून राहत होती आणि वाट खात होती. त्यावर उपाय बिजागरीत होता: केसमेंटसाठी इग्रेस बिजागरी मिळते, ती झडप उघडताना तिला बाजूला सरकवते आणि वाट रुंद होते. त्या कुटुंबाने भिंत रुंद करायचे कोटेशन आणून ठेवले होते. काम बिजागरीच्या जोडीवर भागलं. आधी खिडकीच्या कंपनीला मॉडेल नंबर सांगून विचारा, ती बिजागरी तुमच्या खिडकीला बसते का.

तिसरी तपासणी, तीच टेप: जमिनीपासून किती उंच

खिडकीच्या मोकळ्या जागेची खालची कड तयार जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच असता कामा नये. ‘तयार जमीन’ हे शब्द महत्त्वाचे. नुसत्या काँक्रीटवरून ४५ इंच भरत असेल आणि तुम्ही वर दीड इंचाचं सबफ्लोअर आणि फ्लोअरिंग टाकणार असाल, तर उंची आपोआप साडेत्रेचाळीसवर येते. घाबरून खिडकी खाली उतरवायची गरज नाही. उलटंही होतं: सुताराने खिडकीखाली सुंदर जाड लाकडी पट्टी लावली, ती मोकळ्या जागेत वर आली, आणि काठावर पास होणारी खिडकी नापास झाली.

उंची जास्त असेल तर खिडकीखाली पायरी ठेवली तर चालेल का, असं प्रत्येक जण विचारतो. सुट्या स्टुलाला माझ्या अनुभवात कुणी मान्यता देत नाही, आणि ते बरोबर आहे. स्टूल दुसऱ्याच दिवशी बाथरूममध्ये जातं. पक्की बांधलेली पायरी काही ठिकाणी मान्य होते, काही ठिकाणी नाही. बांधायच्या आधी लेखी विचारून घ्या.

चौथी तपासणी: जो झोपणार, त्याने उघडून दाखवायची

नियम म्हणतो, खिडकी आतून किल्ली, हत्यार किंवा खास माहितीशिवाय उघडली पाहिजे. ही तपासणी मी मालकाकडून करून घेत नाही. त्या खोलीत जो झोपणार आहे त्याला खाली बोलावते. एका घरी मालकाचे वडील सांगलीहून आले होते, सत्तरीच्या पुढचे. ते खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी क्रँक धरला आणि म्हणाले, ‘ताई, हे फिरतच नाही. मला वाटलं बंदच ठेवायची असते.’ चार महिने ते त्या खोलीत झोपत होते. क्रँकचे दाते गंजले होते, खर्च किरकोळ. पण कुणी त्यांना कधी उघडायला सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आई-बाबा आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना खिडकी उघडायला लावा. दिवे बंद करूनही एकदा. चोराच्या भीतीने ट्रॅकमध्ये लाकडी दांडा टाकला असेल तर काढा. जाळी किंवा गज असतील तर ते आतून, हत्याराविना, खिडकी उघडायला लागतो त्यापेक्षा जास्त जोर न लावता निघाले पाहिजेत. रंगाने चिकटलेली झडप, खिडकीसमोर ठेवलेलं ड्रेसर, सामानाच्या बॅगांची चळत: हे सगळं फुकटात दुरुस्त होतं. पलंग खिडकीखाली असेल तर उत्तमच, चढायला सोपं.

वेलवर पारदर्शक झाकण असेल तर तेही त्यांनाच आतून ढकलून उघडू द्या. वाऱ्याने उडू नये म्हणून बाहेरून स्क्रूने आवळलेली झाकणं मी पाहिली आहेत. त्या घरात खिडकी नियमात अगदी बरोबर होती, आणि बाहेर पडायची वाट मात्र नव्हती.

पाचवी तपासणी, घराबाहेर: विंडो वेल

वेल म्हणजे खिडकीसमोरचा खड्डा. त्याचं आडवं क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट हवं, आणि भिंतीपासून बाहेरचं अंतर व रुंदी दोन्ही किमान ३६ इंच. नेमका ३६ बाय ३६ चा चौकोन केला तर ९ चौरस फूट बरोबर भरतात. गोलसर पत्र्याच्या वेलमध्ये कोपरे नसतात, म्हणून तिथे अंतर आणि रुंदी दोन्ही नेमकी ३६ इंच असली तरी क्षेत्रफळ कमी पडतं. खिडकी या खड्ड्यात पूर्ण उघडली पाहिजे. मोठी केसमेंट बसवली आणि वेल जुनाच ठेवला, की झडप पत्र्याला अडते, आणि दुसऱ्या तपासणीत मिळवलेलं सगळं इथे हरवतं.

वेल ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर पक्की शिडी किंवा पायऱ्या लागतात, खिडकी पूर्ण उघडी असतानाही वापरता येतील अशा. शिडीच्या दांड्या आतून किमान १२ इंच रुंद, भिंतीपासून किमान ३ इंच सुट्या, एकमेकींपासून जास्तीत जास्त १८ इंचांवर, आणि शिडीने वेलच्या आवश्यक मापात ६ इंचांपेक्षा जास्त घुसू नये. तयार शिड्या हुकने अडकवता येतात, त्या स्वस्त असतात. मात्र पत्र्याच्या वरच्या काठाला नुसती अडकवलेली शिडी हलत असेल तर बोल्टने पक्की करा.

खिडकीवर नंतर डेक बांधलं असेल तर तेही मोजा. डेकखालून अंगणात जायला किमान ३६ इंच उंचीची मोकळी वाट हवी. माणूस वेलमधून वर आला आणि डेकच्या जाळीत अडकला, असं होऊ नये.

सहावी तपासणी, एका होजची: पाणी

आमच्याकडे दक्षिण-पूर्व मिशिगनमध्ये चिकणमाती आहे. पाणी लवकर मुरत नाही. वेलच्या तळाशी नुसती खडी टाकून खाली निचऱ्याची नळी नसेल, तर वेल म्हणजे घराच्या भिंतीला टेकवलेली टाकी होते. म्हणून नियम सांगतो की वेलचा निचरा पायाच्या ड्रेनेजला जोडलेला असावा. मुळातच पाणी चांगलं मुरवणारी जमीन असेल तरच त्यातून सूट.

कोरड्या दिवशी होजने वेलमध्ये दहा मिनिटं पाणी सोडा. आत एकजण सम्पच्या खड्ड्यापाशी (पायाच्या ड्रेनेजचं पाणी जिथे जमतं) उभा करा. वेल रिकामा होत गेला आणि सम्पमध्ये पाणी आलं, तर नळी जिवंत आहे. पाणी चढायला लागलं तर लगेच बंद करा. आधी तळाची पानं, माती उपसा, नळीच्या तोंडावरची जाळी साफ करा. बहुतेकदा एवढंच निघतं. छताचं पाणी नेणारी डाऊनस्पाऊट वेलच्या शेजारी संपत असेल तर तिला काही फूट लांब न्या. हे दोन्ही करून भागलं नाही, तर नळी दबली आहे किंवा कधी जोडलीच नव्हती, आणि ते खोदकामाचं काम आहे.

पाण्याचा संबंध फक्त ओल्या कार्पेटशी आहे असं समजू नका. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू यॉर्कवर कोसळला. शहरात १३ जण गेले, त्यांतले ११ बेसमेंटमधल्या घरांत. पाण्याने भरलेल्या वेलची खिडकी बाहेर ढकलून उघडत नाही, आणि फुटली तर पाणी आत येतं. म्हणून सुटकेची वाट आणि निचरा ही मी दोन वेगळी कामं मानत नाही.

सातवी तपासणी: भोक तेच, खिडकी नवी

इथपर्यंतचं सगळं केलं आणि मोकळी जागा तरीही कमी पडते, तर भिंतीतल्या भोकाचं माप घ्या, चौकट काढून किती मिळेल ते. त्यात केसमेंट बसवून तिन्ही अटी पुऱ्या होतात का, ते कंपनीच्या तक्त्यात बघा. तक्त्यात ‘क्लिअर ओपनिंग’चा वेगळा रकाना असतो, तोच वाचा. ‘जुन्या खिडकीच्या जागी नवी बसवताना मापाची सवलत मिळते’ असं दुकानात सांगतात. ती सवलत आधीच झोपायच्या असलेल्या खोलीच्या खिडकीसाठी धरली जाते. नव्याने बेडरूम करताय तर तिच्या भरवशावर राहू नका.

परमिट यासाठीही काढा. आणि त्याच भेटीत इन्स्पेक्टर आणखी काय बघेल ते तयार ठेवा: बेडरूमच्या आत, बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म; कार्बन मोनॉक्साइड अलार्म; छताची उंची ७ फूट, बीम किंवा डक्टखाली ६ फूट ४ इंचांपर्यंत सूट; आणि फर्नेसने बेडरूममधली हवा ओढू नये.

इथे थांबा

यापुढे स्वतः काही करू नका. व्हिडिओ बघून काँक्रीटची करवत भाड्याने आणलेले हुशार, कष्टाळू लोक मला माहीत आहेत. या कामात चूक झाली तर ती भिंतीत राहते.

पायाची भिंत कापायची वेळ आली की स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याचा सही-शिक्क्याचा नकाशा घ्या. त्याला विचारायचा पहिला प्रश्न: रुंदी तीच ठेवून फक्त खाली कापलं तर भागेल का? वरचं वजन पेलणारी लिंटेल जशीच्या तशी राहते, म्हणून खाली कापणं हे रुंद करण्यापेक्षा सहसा सोपं असतं. रुंद केलं की नवी लिंटेल आली. तुमची भिंत ओतीव काँक्रीटची आहे की ब्लॉकची, यावर पद्धत बदलते. खिडकीच्या वरच स्टीलचा बीम टेकत असेल, भिंतीला आडवी भेग असेल किंवा ती आत फुगलेली असेल, तर आधी तो दोष, मग खिडकी. आणखी एक विचारा: मिशिगनमध्ये पाया ४२ इंच खोल धरतात तो जमीन गोठते म्हणून, नवा खोल वेल केल्याने फूटिंगवरची (पायाच्या तळावरची) माती कमी होते, त्याचं काय?

खोदणंही तुमचं काम नाही. पाच फूट किंवा त्याहून खोल खड्ड्यात कामगार उतरवायचा तर मातीच्या बाजूंना आधार द्यावा लागतो, असा अमेरिकेचा कामगार-सुरक्षेचा नियम आहे. ओली चिकणमाती एका क्षणात घसरते आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. छोटा खड्डा स्वतः खणणार असाल तरी आधी ८११ ला फोन करा, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ्या कुठे आहेत ते कळतं. मिशिगनमध्ये ती सेवा मिस डिग चालवते, फुकट आहे, कामाचे तीन दिवस आधी कळवायचं. ते रंगाने खुणा करून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी केबल, हिरवा सांडपाणी. लॉनच्या स्प्रिंकलरच्या नळ्या आणि बार्बेक्यूला नेलेली गॅसची नळी ही तुमची खासगी, त्यांची खूण ते करत नाहीत. गॅसचा मीटर किंवा एसीचं बाहेरचं युनिट नेमकं खिडकीच्या जागी असेल तर ते हलवायला त्या त्या कामाचा परवानाधारक माणूस लागतो.

कोटेशन घेताना चार गोष्टी लिहून मागा: परमिट कुणाच्या नावाने निघणार, कापलेल्या कडांचं वॉटरप्रूफिंग कोण करणार, वेलचा निचरा कशाला जोडणार, आणि बसवल्यावर मोकळी जागा किती इंच बाय किती इंच मिळणार. चौथ्या प्रश्नाला जो ‘काळजी करू नका, इग्रेसच आहे’ म्हणतो, त्याला काम देऊ नका.

आणि काम होईपर्यंत, ते किती का आठवडे लांबेना, आई-बाबांना वर झोपवा. मुलं बैठकीत गादी टाकून झोपतील. आपण सगळे तसेच वाढलो.

फायनल इन्स्पेक्शन झालं की वर्षाकाठी एक दिवस राखून ठेवा. नोव्हेंबरचा पहिला रविवार, घड्याळं एक तास मागे घेतो तो, मला बरा वाटतो. पानं गळून गेलेली असतात आणि जमीन अजून गोठलेली नसते. वेलमधली पानं उपसायची, होज सोडून निचरा बघायचा, शिडी हलवून बघायची, क्रँकला सिलिकॉनचा फवारा मारायचा, अलार्मचं बटण दाबायचं. मग खोलीत जो झोपतो त्याने खिडकी उघडून, झाकण ढकलून, एकदा अंगणात येऊन दाखवायचं. बर्फ पडला की पायवाटेबरोबर वेलही फावड्याने मोकळा करायचा, आणि ड्राइव्हवेचा बर्फ त्या बाजूला टाकायचा नाही.